बोटीच्या इंजिनाचा निचरा व वाळवण

एका जलाशयातून बाहेर काढलेली बोट दुसऱ्या जलाशयात सोडण्यापूर्वी इंजिनाच्या शीतन-मार्गात (इंजिन थंड ठेवणारे पाणी ज्यातून फिरते त्या वाटेत) व पंख्याकडील खालच्या भागात साठलेले पाणी काढून तो भाग सुकवण्याची पद्धत. थंड प्रदेशांत ती गोठणीपासून बचावासाठी चालत आली आहे. पाणी गोठताना सु. ९ टक्के प्रसरण पावते आणि त्या दाबाने इंजिनाचा ओतीव ठोकळा तडकतो. उपद्रवी शिंपल्यांचा प्रसार रोखणे हा तिचा नंतरचा आणि आज अधिक महत्त्वाचा हेतू होय.

झेब्रा शिंपला मूळचा काळा समुद्र-कास्पियन परिसरातील. निसर्गशास्त्रज्ञ पीटर पालास याने १७७१ मध्ये त्याचे वर्णन केले. उत्तर अमेरिकेत तो १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात ओळखला गेला. तेव्हाच्या शिंपल्यांच्या आकारावरून तो १९८६ च्या सुमारास जहाजांच्या बॅलास्टच्या (तोल सांभाळण्यासाठी जहाजात भरलेल्या) पाण्यातून आला असावा, असे मानतात. त्याचा जवळचा नातलग क्वागा शिंपला २००७ च्या जानेवारीत नेवाडा-ॲरिझोना सीमेवरील लेक मीडमध्ये आढळला. हे शिंपले कोकणातल्या शिनाण्यांसारखे दिसतात, पण त्यांचे कुळ वेगळे आहे.

ओढगाडीवरील (ट्रेलरवरील) बोटींतून हा प्रसार नेमका कशाने होतो, यावर मतभेद आहेत. बोटीच्या तळाला चिकटलेले शिंपले हेच कारण, असा समज रूढ होता. लॅड जॉन्सन, अँथनी रिकियार्डी व जेम्स कार्लटन या संशोधकांनी सेंट क्लेअर सरोवरावरील बोटी तपासून २००१ मध्ये निराळा निष्कर्ष मांडला: ओढगाडीत व नांगरात अडकलेल्या पाणवनस्पतींवरून शिंपले मुख्यतः जातात. डिंभ (शिंपल्यांची सूक्ष्म पिल्ले) मात्र इंजिनासह बोटीतील सर्व प्रकारच्या पाण्यात सापडले. मासे जिवंत ठेवण्याच्या टाकीत ते इतर जागांच्या ४० ते १०० पट असावेत, असा त्यांचा अंदाज होता. हे मत अधिक साधार वाटते. तरीही इंजिनाकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे, कारण गवत हाताने काढता येते, टाकी उपडी करता येते, शीतन-मार्गाच्या आत मात्र नजर पोचत नाही.

आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले) इंजिन उभे ठेवल्यास त्यातील बरेचसे पाणी आपल्याच वजनाने खाली उतरते. प्रवासासाठी ते वर उचलून धरले की पाणी आत अडते. म्हणून धक्क्यावरच, थेंब थांबेपर्यंत, ते पूर्ण खाली सोडावे. पाणी उडवून देण्यासाठी इंजिन कोरडे चालवू नये. पंपातील रबरी चक्राला पाण्याचेच वंगण असते. स्टर्नड्राइव्ह प्रकारात इंजिन बोटीच्या आत असल्याने ठोकळ्यातील व नळ्यांतील पाणी बुचे उघडूनच काढावे लागते. दंतचक्रांचे तेल हा निराळा विषय. ते दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे.

वाळवणीला किती दिवस लागतात हे हवामानावर अवलंबून असते. लेक मीड येथील प्रयोगांत बोटींमध्ये उरलेल्या पाण्यात क्वागाचे डिंभ उन्हाळ्यात सु. ५ दिवस, शरद ऋतूत सु. २७ दिवस तगले. त्यामुळे सर्व ऋतूंना पाच दिवसांचा एकच नियम लावणे धोक्याचे आहे. घाई असल्यास शिंपले व डिंभ मारण्यासाठी गरम पाणी वापरतात: बाहेरून सु. ६०° से., आतून सु. ४९° से., कारण आतील रबरी भागांना जास्त उष्णता सोसत नाही.

भारतात झेब्रा व क्वागा यांच्याच कुळातील मायटिलोप्सिस सॅली हा शिंपला १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणम बंदरात व नंतर मुंबईत नोंदला गेला.