बेस गिटार : हौशी बांधणी व दुरुस्ती

बेस गिटार, म्हणजे खालच्या सुरांची, बहुधा चार तारांची विद्युत् गिटार, घरच्या घरी बनवणे, बिघडलेली दुरुस्त करणे आणि तिला साजेशी तार, पिकअप (तारेचे कंपन विद्युत् संकेतात बदलणारे चुंबकी गुंडाळे), अँप (आवाज वाढवणारे यंत्र) निवडणे, असा हा तिहेरी छंद आहे. त्याला थोडे सुतारकाम, थोडे सोल्डरिंग आणि बराच धीर लागतो. व्हायोलिन बनवायला शिकण्यासाठी कारागिराच्या हाताखाली वर्षे घालवावी लागतात. बेस गिटारच्या वाटेला मात्र हौशी माणूस सहज जातो. याचे मूळ या वाद्याच्या जन्मात आहे.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवत. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ मध्ये त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला, तो दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने घडवलेला होता : सपाट ठोकळ्याची बॉडी, तिला चार स्क्रूंनी जोडलेली नेक (तारा दाबायचा लांब दांडा) आणि झाकणपट्टी काढताच हाती येणारे वायरिंग. नेकवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, असल्यामुळे स्वर नेमका लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’ हे नाव. सिॲटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकातच फ्रेट असलेला विद्युत् बेस विकायला ठेवला होता, पण तो रुजला नाही. आजही बहुतेक हौशी मंडळी पहिले वाद्य फेंडरच्याच आराखड्यावर बेततात. नेक बिघडली तर नुसती नेक बदलता येते, हा दिलासा मोठा असतो.

बांधणीची सुरुवात लाकडापासून करावी असे नवख्याला वाटते. खरे तर ती मापापासून होते. नट (नेकच्या टोकाची, तारा टेकणारी पट्टी) ते बॉडीवरील ब्रिजचे सॅडल (तारेचा दुसरा टेकू) एवढ्या तारेच्या लांबीला स्केल म्हणतात. प्रचलित स्केल ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिमी. उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागले की पुढच्या फ्रेटचे अंतर मिळते. त्यानुसार पहिला फ्रेट नटपासून ४८.५ मिमीवर आणि बारावा बरोबर मध्यावर, १७ इंचांवर येतो. प्रत्येक अंतर नटपासूनच मोजावे. मागच्या फ्रेटपासून पुढचा मोजत गेल्यास दर वेळची बारीक चूक साठत जाते आणि वरच्या फ्रेटांवर स्वर उघड बेसूर लागतो. ब्रिजची जागा नेक बसवल्यावरच आखावी. तिची भोके आधी पाडून ठेवण्याची घाई अनेकांना महागात पडते.

स्केल बदलले की तारेचा ताणही बदलतो. तीच तार त्याच स्वरात लावली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात राहतो. त्यामुळे ३० इंची स्केलवर तो सुमारे २२ टक्क्यांनी घटतो आणि तार ढिली वाटू लागते. तिथे जाड तारा घ्याव्यात. पाच तारी बेसमधील खालचा बी स्वर जवळपास ३१ हर्ट्झचा असतो. तो घट्ट वाजावा म्हणून काही जण ३५ इंची स्केल घेतात, पण त्याने ताण जेमतेम ६ टक्के वाढतो. छोट्या हातांच्या वादकाने या सहा टक्क्यांसाठी मनगट पणाला लावू नये.

नेकसाठी बहुधा मेपल, बॉडीसाठी ॲल्डर, ॲश किंवा बासवुड वापरतात. लाकडाने सुरात किती फरक पडतो, यावर हौशी मंडळींत न संपणारा वाद आहे. वजनाने आणि तोलाने पडणारा फरक मात्र खांद्याला लगेच कळतो. ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) जड, बॉडी हलकी आणि पट्टा अडकवायचे वरचे शिंग आखूड असेल, तर हात सोडताच नेक खाली कलंडते. हलके ट्यूनर लावणे हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय. लाकूड पूर्ण वाळलेले हवे, नाहीतर नेक पुढे पिरगळते, आणि पिरगळ ट्रस रॉडने (नेकचा बाक कमीजास्त करणाऱ्या आतल्या धातूच्या दांड्याने) निघत नाही. घासताना मास्क लावावा. लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसांना घातक असतो.

दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याचशा बेसमध्ये काही मोडलेलेच नसते, फक्त जुळणी बिघडलेली असते. तिचा क्रम ठरलेला आहे : आधी नेकचा बाक, मग तारांची उंची, शेवटी स्वरशुद्धी. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबावा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, सुमारे ०.३ मिमी फट हवी. ती जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट आवळावा, तोही एका वेळी पाव फेराच. बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची २ ते २.५ मिमी असली की बहुतेकांना सोयीची पडते. त्यानंतर बारावा फ्रेट दाबून काढलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) जुळेपर्यंत सॅडल मागेपुढे करावे. दाबलेला स्वर चढा असेल तर मागे. क्रम उलटा केला की सगळे काम पुन्हा करावे लागते. तार एकाच फ्रेटवर दाबल्यावर खडखडत असेल तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला असतो. त्याला ठोकून बसवावे, कानस शेवटी हाती घ्यावी.

हुम, म्हणजे अँपमधून येणारी सततची गुणगुण, शोधायला हातच पुरतो. जॅकच्या (केबल खोचायच्या भोकाच्या) धातूला बोट लावल्यावर हुम कमी होतो पण तारांना लावल्यावर होत नाही, तर ब्रिजखालून येणारी अर्थिंगची वायर सुटलेली असते. फेंडरच्याच ‘जॅझ बेस’च्या धर्तीवरील दोन पिकअपांपैकी एकाचा आवाज कमी करताच हुम येतो, तो दोष नव्हे : दोन्ही सारखी उघडी असतानाच ती एकमेकांचा हुम मारतात. प्रिसिजनला १९५७ मध्ये दुभंगलेले पिकअप मिळाले, त्यात ही सोय अंगचीच आहे. प्रीअँप (बॅटरीवर चालणारा आतला छोटा अँप) असलेल्या बेसचा आवाज फाटू लागला, तर आधी ९ व्होल्टची बॅटरी बदलून पाहावी. केबल जॅकमध्ये खोचलेली राहिली तर बॅटरी वाजवल्याविनाही उतरते.

फ्रेट काढून बेस ‘फ्रेटलेस’ करण्याचा मोह अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियसपासून अनेकांना झाला. त्याच्या १९६२ च्या जॅझ बेसच्या फिंगरबोर्डावर बोटींसाठी वापरतात त्या इपॉक्सीचा लेप होता, कारण राउंडवाउंड (गोल वायर गुंडाळलेल्या, खरखरीत) तारा उघडे लाकूड खरवडतात. लेप नको असेल तर फ्लॅटवाउंड (चपटी वायर गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा लावाव्यात.

अँपच्या खरेदीत वॅटपेक्षा ओहमकडे (विद्युत् रोधाच्या एककाकडे) पाहावे. ८ ओहमच्या दोन कॅबिनेट (स्पीकरच्या पेट्या) समांतर जोडल्या की भार ४ ओहमचा होतो, आणि अँपवर लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली जाऊ नये. अँप आणि कॅबिनेट यांच्यामध्ये गिटारची केबल लावू नये. आतली बारीक वायर तापते. तिथे स्पीकरची जाड केबलच हवी.