काळे पडलेले ऑइल म्हणजे निकामी ऑइल नव्हे

डिपस्टिकवर (इंजिनातील ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवर) ऑइल काळे दिसले की ते निकामी झाले, हा जुन्या मोटारसायकलींबाबतचा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. ऑइलमधील डिटर्जंट आणि डिस्पर्संट ही रसायने ज्वलनातून आलेली काजळी इंजिनाच्या भागांवर बसू न देता ऑइलमध्येच तरंगती ठेवतात, आणि बहुतांशी त्यामुळेच रंग गडद होतो. काळजी करावी ती ऑइल दुधाळ दिसले तर, कारण त्यात पाणी शिरलेले असते. बदलण्याची वेळ मात्र मॅन्युअलमधील किलोमीटर आणि महिने पाहून ठरवावी, आणि ती चुकवू नये.

जुन्या हिरो होंडा स्प्लेंडरमध्ये तर कागदी फिल्टर नसतोच. क्रँकशाफ्टबरोबर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याबरोबर, फिरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर ऑइलमधील जड कण बाहेरच्या बाजूला फेकतो आणि ते त्याच्या आतल्या कडेला घट्ट काळा गाळ होऊन साचतात; शिवाय खाली एक बारीक जाळी असते. ड्रेन बोल्टमधून ऑइल कितीही वेळा काढले तरी हा गाळ जागचा हलत नाही. त्यासाठी क्लचच्या बाजूचे कव्हर उघडावे लागते, आणि वेळखाऊ असल्याने नेमके हेच काम राहून जाते. कव्हर बसवताना गॅस्केट (सांध्यातून ऑइल गळू न देणारे पातळ पॅकिंग) नवेच घालावे.