एक्सप्लोर टेक्नॉलॉजीज

एक्सप्लोर टेक्नॉलॉजीज ही रग्ड म्हणजे दणकट टॅब्लेट बनवणारी कंपनी. १९९६ मध्ये कॅनडात सुरू झाली, पुढे अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला स्थिरावली आणि २०१८ मध्ये झेब्रा टेक्नॉलॉजीजनं ती विकत घेतली. एवढ्या वर्षांत तिनं जवळपास एकच काम केलं, धूळ, पाऊस, ऊन आणि हातातून पडणं हे सगळं सोसेल असा पाटीएवढा कॉम्प्युटर बनवायचा. मोबाइलच्या दुकानात तो कधी दिसला नाही, कारण गिऱ्हाईक म्हणजे सैन्य, तेल आणि गॅसवाले, वीज आणि टेलिफोन कंपन्यांचे लाइनमन, गोदामं, कारखाने.

रग्ड म्हटलं की लोकांना वाटतं जाड रबरी कव्हर घातलेला टॅब, पण तसं नाहीये. अमेरिकी लष्कराचं एमआयएल-एसटीडी-८१० नावाचं मानक आहे, त्यातल्या पडण्याच्या चाचणीत वस्तू १२२ सेंटीमीटरवरून २६ वेळा पाडतात, म्हणजे सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे, प्रत्येकावर एकदा. पण या मानकाचं सर्टिफिकेट कोणतीही सरकारी संस्था देत नाही, चाचणी कंपनी स्वतः करते किंवा बाहेरच्या लॅबकडून करून घेते, म्हणून नुसता ८१० हा आकडा बघून घेऊ नये, नेमक्या कोणत्या चाचण्या केल्या ते विचारावं. दुसरी खूण आयपी नंबरची, आयपी६५ मधला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा चालतो.

नागपुरात मात्र पडण्यापेक्षा उन्हाचा प्रश्न मोठा आहे आणि माझ्या मते हे यंत्र समजून घ्यायचं तर तिथूनच सुरुवात करावी. साध्या टॅबचं उदाहरण घ्या, आयपॅड वापरायला अॅपलनं सांगितलेली कमाल मर्यादा ३५ अंश आहे, आपल्याकडे मार्चमध्येच पारा त्याच्या वर जातो, आणि मे २०१३ मध्ये तर नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झालीय, तीही सावलीतली, बंद जीपच्या डॅशबोर्डवर किती असेल विचार करा. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करत नाहीत. बुटीबोरीकडच्या एका साइटवर मी स्वतः पाहिलंय, नवतपा म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस सुरू होते, मोजणीवाल्या पोराच्या टॅबला चांगलं जाड कव्हर होतं आणि अकरा वाजायच्या आतच गरम झाल्याची सूचना देऊन तो बंद पडला, पोरगा टॅब वॉटर कूलरजवळ धरून उभा. कव्हर पडण्यापासून वाचवतं पण आतली गरमी बाहेर जाऊ देत नाही. रग्ड टॅब्लेटमध्ये सांगाडाच बहुतेक मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो, तो ताकदही देतो आणि आतली उष्णता बाहेरही काढतो, त्यामुळे असे बरेच टॅब ६० अंशांपर्यंत चालतात. तसंच स्क्रीनचं, उमरेडसारख्या उघड्या कोळसा खाणीत भर दुपारी स्क्रीनवरचा नकाशा दिसायला साध्या टॅबच्या दुप्पट तरी उजेड लागतो. जमिनीखालच्या कोळसा खाणीत मात्र नुसतं दणकट असून भागत नाही, तिथे ठिणगीनं गॅस पेटायची भीती असते म्हणून खाण सुरक्षा महासंचालनालयाची वेगळी मंजुरी लागते.

एक्सप्लोरचं आयएक्स१०४ मॉडेल या धंद्यात चांगलंच ओळखीचं होतं. पेन आणि बोट दोन्ही चालणारा स्क्रीन आणि उन्हात वाचता येणारा डिस्प्ले ही त्याची खासियत, आणि हे सगळं २०१० मध्ये आयपॅड यायच्या कितीतरी आधी, जेव्हा टॅब्लेट म्हणजे विंडोज चालवणारी जड पाटी असायची. त्याच्याही आधी १९८९ मध्ये ग्रिड कंपनीचा ग्रिडपॅड आला होता, म्हणजे फिल्डवरच्या माणसाच्या हातात पाटी द्यायची कल्पना एक्सप्लोरची नव्हे, पण ती चिवटपणे धरून ठेवणाऱ्यांत ही कंपनी नक्कीच होती. स्पर्धाही तगडी, जपानची पॅनासॉनिक टफबुक हे दणकट लॅपटॉप घेऊन १९९६ पासूनच मैदानात होती आणि तैवानची गेटॅक १९८९ पासून, दोघींच्या मागे मोठे उद्योगसमूह, आणि त्यांच्यापुढे एक्सप्लोर अगदीच लहान. २००७ मध्ये एक्सप्लोरनं नोंदणी कॅनडातून अमेरिकेतल्या डेलावेअरला हलवली आणि २०१२ मध्ये तिचा शेअर नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात आला.

२०१५ मध्ये तिनं ऑस्टिनचीच मोशन कंप्युटिंग घेतली. ही २००१ मध्ये डेल या कॉम्प्युटर कंपनीतून बाहेर पडलेल्या लोकांनी काढलेली कंपनी, हिचा सी५ टॅब्लेट २००७ मध्ये खास दवाखान्यासाठी आला, वर धरायला मूठ, जंतुनाशकानं पुसता येईल असं अंग. एक्सप्लोरकडे अति दणकट माल होता, मोशनकडे हलका, एका सौद्यात दोन्ही एका छताखाली आले.

२०१८ मध्ये झेब्रानं शेअरला सहा डॉलर रोख देऊन, कर्ज धरून सुमारे ९ कोटी डॉलरला ही कंपनी घेतली. झेब्रा म्हणजे बारकोड प्रिंटर आणि स्कॅनरवाली, गोदामं आणि कारखान्यांत तिचा माल आधीच होता. एक्सप्लोरची एल१० मालिका झेब्राच्या नावानं विकली जाऊ लागली, साधी पाटी, मूठवाली आणि कीबोर्डवाली अशा तीन रूपांत.