वीजबिलातला स्थिर आकार आला कुठून?

घर महिनाभर बंद होतं, एक दिवासुद्धा लागला नाही, तरी बिल आलं. वीजग्राहकाची ही तक्रार कोणत्याही देशात ऐकायला मिळते. बिलावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन असे रकाने असतात आणि ग्राहकाला त्यातला युनिटचा रकाना तेवढा आपला वाटतो, बाकीचे लादलेले. त्यातलं काय रास्त आणि काय नाही हे ठरवायचं, तर वीज विकण्याचा धंदा कसा उभा राहिला ते पाहावं लागतं.

थॉमस एडिसनचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. तिथल्या ग्राहकांकडे जो मीटर बसवला गेला, त्याला काटा किंवा आकडे नव्हतेच. काचेच्या बरणीत झिंक सल्फेटचं द्रावण आणि त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या. वापरलेल्या विजेचा छोटासा हिस्सा या द्रावणातून जायचा आणि एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर चढायचं. ठरावीक काळाने कंपनीचा माणूस पट्ट्या काढून न्यायचा, तराजूत तोलायचा आणि वजनातल्या फरकावरून बिल निघायचं. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून पेटीतच एक दिवा असे, गारठा वाढला की तो आपोआप लागायचा. युक्ती सुंदर होती, पण आकडा कंपनीच्या तराजूवर ठरायचा आणि ग्राहकाला तो पडताळायची सोय नव्हती. बिलावरचा अविश्वास या धंद्याच्या जन्मापासूनचा आहे.

दहा वर्षांनी, १८९२ मध्ये, जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने लंडनमधल्या एका भाषणात मूळ अडचण मांडली. वीज स्वस्तात साठवता येत नाही. मागणी होईल त्याच क्षणी ती तयार करावी लागते. त्यामुळे कंपनीचा मोठा खर्च इंधनावर होत नाही, तो होतो तयारीत राहण्यावर. बॉयलर, यंत्रं, तारा, माणसं हे सगळं सर्वाधिक मागणीच्या त्या एका तासासाठी उभं ठेवावं लागतं. आकडे घालून पाहू. दोन घरं महिन्याला ३०० युनिटं वापरतात. पहिल्या घरात वापर दिवसरात्र एकसारखा आहे, म्हणजे ७२० तासांत साधारण ०.४२ किलोवॉटचा भार. दुसऱ्या घरात सगळा वापर रोज संध्याकाळच्या दोन तासांत, म्हणजे ५ किलोवॉट. युनिटं तेवढीच, पण दुसऱ्यासाठी राखून ठेवावी लागणारी क्षमता बारा पट. दोघांना एकाच दराने बिल लावलं तर पहिला दुसऱ्याचा खर्च उचलतो. म्हणून हॉपकिन्सनने दराचे दोन भाग सुचवले, एक क्षमतेसाठी आणि एक वापरासाठी. आजचा स्थिर आकार हा त्याच विचाराचा वंशज आहे, आणि तो विचार माझ्या मते मुळात चूक नाही.

तो प्रत्यक्षात आणायला मीटर हवा होता. इंग्लंडमधल्या ब्रायटन शहराच्या वीजकेंद्रातल्या आर्थर राइटने तो बनवला. प्रवाह वाढला की तार तापायची, नळीतली हवा फुगायची आणि द्रव पलीकडच्या अरुंद नळीत सांडायचा. तो परत येत नसे, त्यामुळे महिन्यातली कमाल मागणी तिथेच दिसून राहायची. शिकागोतला वीज उद्योजक सॅम्युएल इन्सल हा एकेकाळी एडिसनचा सचिव होता. त्याने ब्रायटनला ही पद्धत पाहिली आणि शिकागोत तिचं सोनं केलं. संध्याकाळी दिव्यांसाठी उभी केलेली यंत्रं दिवसभर रिकामी कशाला ठेवायची? म्हणून ट्राम कंपन्यांना आणि कारखान्यांना त्याने कमी दरात वीज विकली. यंत्रं जास्त तास चालली, दर युनिटवरचा खर्च उतरला, दर उतरले, मागणी आणखी वाढली.

एका शहरात दोन कंपन्यांनी शेजारी शेजारी खांब रोवण्यात पैसा वाया जातो, हेही इन्सलने ओळखलं. १८९८ मध्ये त्याने जाहीरपणे मागणी केली की मक्तेदारी द्या आणि बदल्यात दरावर सरकारी नियंत्रण ठेवा. १९०७ मध्ये विस्कॉन्सिन आणि न्यूयॉर्क राज्यांत दरांवर असं नियंत्रण ठेवणारे सरकारी आयोग आले आणि पुढे तोच साचा अनेक ठिकाणी रुजला. वाजवी खर्च भरून द्यायचा आणि गुंतवणुकीवर ठरावीक परतावा द्यायचा. इन्सलचं स्वतःचं साम्राज्य १९३२ मध्ये कर्जाच्या डोलाऱ्यासकट कोसळलं, सामान्य गुंतवणूकदार बुडाले, पण साचा टिकला. कारण दर उतरत होते, आणि दर उतरत असताना बिलाचे रकाने कोणी तपासत नाही.

साठच्या दशकात हे थांबलं. वाफेवरच्या केंद्रांची कार्यक्षमता एका मर्यादेला पोहोचली. आणखी मोठं केंद्र बांधलं म्हणून वीज आणखी स्वस्त होईना. त्याच सुमारास, १९६२ मध्ये, ॲव्हर्च आणि जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी साच्यातला दोष दाखवला होता. परतावा गुंतवणुकीवर मिळत असेल, तर कंपनीला गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतण्याचा मोह होणारच. १९७३ नंतर इंधन महागलं, व्याजदर चढले आणि मागणीचे अंदाज साफ चुकले. अमेरिकेच्या वायव्य भागात पाच अणुकेंद्रांची योजना होती, पूर्ण झालं एकच. १९८३ मध्ये त्यातल्या दोन रद्द प्रकल्पांचे २.२५ अब्ज डॉलरचे रोखे बुडाले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरचं शोरहॅम अणुकेंद्र सुमारे ६ अब्ज डॉलर खर्चून बांधून झालं, पण अपघात झाला तर बेटावरून लोकांना हलवायचं कसं, या वादात ते व्यापारी तत्त्वावर कधी चाललंच नाही. त्याचा बोजा पुढे वर्षानुवर्षं तिथल्या वीजग्राहकांच्या बिलात राहिला.

ग्राहकाचा खरा राग इथे आहे, आणि तो पूर्णपणे रास्त आहे. तयारीचा खर्च द्यायला माणूस राजी होतो. चुकलेल्या अंदाजाचा खर्चही ‘तयारी’ या नावाखाली त्याच्याच माथी मारला जातो, तेव्हा फसवणूक झाल्यासारखं वाटतं. निर्णय कंपनीचा, मंजुरी आयोगाची, आणि जोखीम मात्र जो त्या खोलीत नव्हता त्याची.

यावर उपाय म्हणून बाजार आला. चिलीने १९८२ मध्ये, ब्रिटनने १९९० मध्ये निर्मिती स्पर्धेला खुली केली. नियम असा की स्वस्त केंद्रं आधी चालवायची आणि मागणी पुरी करायला शेवटी जे केंद्र लागेल त्याचा दर सर्वांना द्यायचा. जोखीम गुंतवणूकदाराकडे जाईल ही अपेक्षा होती. काही अंशी गेलीही. पण २०००–०१ मध्ये कॅलिफोर्नियात व्यापाऱ्यांनी टंचाईत हात धुऊन घेतले, घाऊक दर भडकले, किरकोळ दर गोठवलेले होते, आणि तिथली सर्वांत मोठी वीज कंपनी दिवाळखोरीत गेली. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सासमध्ये घाऊक दर ९,००० डॉलर प्रति मेगावॉट-तास या कमाल मर्यादेला टेकला, म्हणजे युनिटला ९ डॉलर. घाऊक दराशी थेट जोडलेली योजना घेतलेल्या कुटुंबांना काही दिवसांच्या वापराची हजारो डॉलरची बिलं आली. २०२२ मध्ये युरोपात नैसर्गिक वायू महागला, तशी वाऱ्यापासून बनलेली वीजही वायूच्याच भावाने विकली गेली. शेवटी युरोपीय संघाला स्वस्त केंद्रांच्या उत्पन्नावर मेगावॉट-तासाला १८० युरोंची मर्यादा घालावी लागली.

आता छतावरच्या सौर पॅनेलमुळे वाद पुन्हा तापला आहे. पॅनेलवाला दिवसा वीज देतो, रात्री घेतो, आणि त्याचं बिल जवळजवळ शून्यावर येतं. तारा आणि खांबांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. तो उरलेल्यांवर पडतो आणि त्यात भाड्याच्या घरात राहणारे, पॅनेल बसवू न शकणारे जास्त. कंपन्यांना यातून स्थिर आकार वाढवायला निमित्त मिळतं. पण तो सरसकट वाढवला की थोडी वीज वापरणारं गरीब घर जास्त भरडलं जातं आणि काटकसर करण्यात अर्थ राहत नाही. कॅलिफोर्नियाच्या आयोगाने २०२४ मध्ये बहुतेक घरांसाठी महिना २४.१५ डॉलरचा स्थिर आकार मंजूर करताना युनिटचा दर उतरवला आणि कमी उत्पन्नाच्या घरांना कमी आकार ठेवला. ही दिशा मला बरी वाटते, अर्थात तारांवरचा मूळ खर्च कोणी कसून तपासत असेल तरच.

तो तपासायचा असतो आयोगापुढच्या सुनावणीत. कंपनीची याचिका हजारो पानांची असू शकते, तिच्यामागे वकील आणि तज्ज्ञ असतात, आणि त्यांचा खर्च बऱ्याच ठिकाणी दरातूनच, म्हणजे ग्राहकाच्याच खिशातून भरून निघतो. ग्राहकाकडे असतं एखादं हरकतीचं पत्र आणि बोलायला मिळालेली काही मिनिटं. कोलोरॅडो, कनेक्टिकट आणि मेन या अमेरिकी राज्यांनी २०२३ मध्ये कायदे करून, राजकीय वजन टाकण्यासाठी केलेला खर्च बिलातून वसूल करायला कंपन्यांना मनाई केली.