रक्ताची पिशवी: दात्याच्या हातापासून रुग्णाच्या शिरेपर्यंत

रक्त चढवणे हे खरे तर एक प्रत्यारोपणच आहे. फरक इतकाच, की इथे जिवंत पेशी एका माणसातून दुसऱ्यात जातात त्या सुरी न लावता, एका नळीतून. हे काम रोजचे झाल्यामुळे ते सोपे वाटते. पण त्यातली प्रत्येक पायरी कुठल्या ना कुठल्या चुकीला अडवण्यासाठीच ठेवलेली आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात किलोमागे सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे एकूण साधारण पाच लिटर रक्त असते. दात्याकडून त्यातले ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतात. त्यातले द्रव एक-दोन दिवसांत भरून निघते, तांबड्या पेशी भरून यायला काही आठवडे लागतात आणि गेलेले लोह भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. दोन रक्तदानांमध्ये काही महिन्यांचे अंतर ठेवायचे ते या लोहासाठी.

शिरेबाहेर आलेले रक्त काही मिनिटांत गोठते. गोठण्याच्या साखळीला कॅल्शियम लागते आणि सायट्रेट हे कॅल्शियम पकडून ठेवते. १९१४-१५ च्या सुमारास हा उपाय सापडला आणि दाता व रुग्ण यांना शेजारी-शेजारी झोपवण्याची गरज संपली. आज ३५० मिलिलिटरच्या पिशवीत ४९ मिलिलिटर आणि ४५० च्या पिशवीत ६३ मिलिलिटर सायट्रेटयुक्त द्रावण आधीच भरलेले असते. रक्त कमी आले तर त्या मानाने सायट्रेट जास्त होते, आणि धार मंद असली किंवा पिशवी हलवली नाही तर आतच बारीक गुठळ्या धरतात. म्हणून रक्त घेताना पिशवी सतत डोलवत ठेवतात आणि तिचे वजनही करत राहतात. सुई टोचताना त्वचेचा बारीकसा तुकडा, त्यावरच्या जिवाणूंसकट, आत जाऊ शकतो. तो पिशवीत जाऊ नये म्हणून पहिले २०-३० मिलिलिटर रक्त बाजूच्या छोट्या कप्प्यात वळवतात आणि तपासण्यांसाठी तेच वापरतात.

पुढे पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरणाऱ्या यंत्रात, फिरवली, की जड तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, राहतो. त्यांच्या मधल्या पातळ पांढुरक्या थरात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक कणिका) असतात. हे घटक वेगळे करण्यामागे काटकसर आहेच, कारण एका दात्याचे रक्त दोन-तीन रुग्णांना पुरते. पण मोठे कारण असे, की प्रत्येक घटकाला टिकण्यासाठी वेगळे तापमान लागते. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. साध्या द्रावणात त्या ३५ दिवस टिकतात, पोषक द्रावण घातले तर ४२ दिवस. प्लाझ्मा उणे १८ अंशांच्या खाली गोठवला तर वर्षभर चालतो. प्लेटलेट मात्र थंडी सोसत नाहीत. गारठलेल्या प्लेटलेटचा आकार बदलतो आणि अशा प्लेटलेट रुग्णाला दिल्या तर शरीर त्या झटपट काढून टाकते. म्हणून त्यांना २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या ट्रेमध्ये ठेवावे लागते. अडचण अशी, की हेच तापमान जिवाणूंनाही मानवते. त्यामुळे प्लेटलेटचे आयुष्य सहसा पाच दिवसांचेच धरतात आणि रक्तघटकांतून होणाऱ्या जिवाणूसंसर्गात त्यांचेच नाव पुढे असते.

फ्रिजमधल्या तांबड्या पेशीही तशाच राहत नाहीत. त्यांच्यातून पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपते. ऑक्सिजन सोडायला मदत करणारा एक रेणूही घटतो, मात्र रक्त चढवल्यावर साधारण दिवसभरात तो पुन्हा तयार होतो. बहुतेक प्रौढांना या बदलांचा त्रास होत नाही, पण नवजात बाळाला किंवा थोड्या वेळात दहा-दहा पिशव्या लागणाऱ्या जखमीला होऊ शकतो. अशा जखमीच्या रक्तातले कॅल्शियमही पिशव्यांमधल्या सायट्रेटमुळे खाली येते. ते मोजून भरून काढावे लागते, आणि रक्त कोमट करणाऱ्या यंत्रातून द्यावे लागते. पिशवी वॉर्डातल्या साध्या फ्रिजमध्ये ठेवणे मात्र कधीच चालत नाही. बर्फाच्या कप्प्याशेजारी पेशी गोठतात आणि बर्फाचे स्फटिक त्यांचे आवरण फाडतात. त्या पेशींतून सुटलेले हिमोग्लोबिन रुग्णाच्या मूत्रपिंडावर जाते.

आता रक्तगट. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये ए, बी आणि ओ हे गट दाखवले, एबी पुढच्या वर्षी सापडला. या गटांची गंमत (आणि धोकाही) अशी, की जो अँटिजेन (पेशीवरची ओळखखूण) आपल्या पेशींवर नाही त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी (त्या खुणेला चिकटणारी प्रथिने) आपल्याकडे बाळपणापासूनच तयार असतात. आतड्यातल्या जिवाणूंवर तशाच शर्करा असतात आणि त्यांच्याशी झुंजताना शरीर या अँटिबॉडी बनवते. म्हणून चुकीच्या गटाचे रक्त पहिल्याच वेळी घात करते. आरएच गटाचे तसे नाही. आरएच निगेटिव्ह व्यक्तीत अँटिबॉडी तयार होतात त्या पॉझिटिव्ह पेशींशी गाठ पडल्यावर, म्हणजे रक्त चढवल्यावर किंवा गरोदरपणात. बाळ पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत निगेटिव्ह आईला अँटी-डी इंजेक्शन देतात, ते याच अँटिबॉडी बनू नयेत म्हणून.

गट दोन्ही बाजूंनी तपासतात. रुग्णाच्या पेशींवर अँटी-ए आणि अँटी-बी (ए आणि बीविरुद्धच्या अँटिबॉडी) टाकून पाहतात आणि रुग्णाच्या प्लाझ्मात माहीत असलेल्या ए, बी व ओ पेशी टाकून पाहतात. दोन्ही उत्तरे जुळलीच पाहिजेत. ही उलट तपासणी वगळली तर १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या बॉम्बे गटाचा माणूस खुशाल ओ म्हणून खपून जाईल. त्याच्या पेशींवर ए, बी नसतातच, पण ओ गटाच्या पेशींवरही असणारा एच अँटिजेनसुद्धा नसतो. त्यामुळे त्याला ओ रक्तही मारक ठरते. पेशींच्या चाचणीत तो ओ दिसतो, आणि त्याचा प्लाझ्मा ओ पेशींच्याही गुठळ्या करतो तेव्हाच खरे काय ते कळते.

यानंतरची पायरी क्रॉसमॅचची, म्हणजे याच दात्याचे रक्त याच रुग्णाला चालते का ते पाहण्याची. नातेवाइकांना हा विनाकारण उशीर वाटतो, पण काही अँटिबॉडी पेशींना नुसत्या चिकटतात, गुठळी करत नाहीत, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणून दात्याच्या पेशी रुग्णाच्या प्लाझ्मात ३७ अंशांवर ठेवतात, धुतात आणि मग कूम्ब्ज पद्धतीने दुसरी अँटिबॉडी घालून त्यांच्यात पूल बांधतात. चिकटलेले काही असेल तर गुठळी दिसते. यातल्या ३७ अंशांवरच्या थांब्याला घाई चालत नाही. रुग्ण खरोखरच रक्तस्रावाने जात असेल तर क्रॉसमॅचविना ओ गटाच्या तांबड्या पेशी देतात, मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला शक्यतो ओ निगेटिव्ह. प्लाझ्माचे गणित उलटे आहे. तिथे सर्वांना चालतो तो एबी गट, कारण त्यात ना अँटी-ए असते ना अँटी-बी.

इतके सगळे करूनही गटाच्या जीवघेण्या चुका बहुधा प्रयोगशाळेत होत नाहीत. त्या खाटेशी होतात. दोन रुग्णांचे नमुने घेऊन आल्यावर टेबलावर लेबले चिकटवली जातात, किंवा गुंगीतल्या माणसाला 'तुम्ही अमुकच ना?' असे विचारले जाते आणि तो 'हो' म्हणतो. म्हणून नळीला लेबल खाटेशेजारीच लावायचे, नाव रुग्णाकडूनच वदवून घ्यायचे आणि मनगटपट्टीवरचा क्रमांक पिशवीच्या कागदाशी दोघांनी मिळून पडताळायचा. हा भाग सर्वांत कंटाळवाणा आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही.

रक्तासाठी १७० ते २०० मायक्रॉनची गाळणी असलेला संच वापरतात. त्याच नळीतून फक्त नॉर्मल सलाइन चालते. रिंगर लॅक्टेट या शिरेतून देण्याच्या द्रावणातले कॅल्शियम सायट्रेटवर मात करून गुठळ्या करू शकते आणि डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या द्रावणात) पेशी फुगून फुटतात. फ्रिजमधून काढलेली पिशवी चार तासांत संपलीच पाहिजे. पहिली पंधरा मिनिटे धार मंद ठेवून नाडी, ताप आणि रक्तदाब पाहतात, कारण चुकीच्या गटाची प्रतिक्रिया याच वेळात डोके वर काढते. हुडहुडी, कंबरदुखी, छातीत दडपण, लाल लघवी ही तिची लक्षणे. म्हाताऱ्या किंवा कमजोर हृदयाच्या माणसाला घाईने रक्त दिले तर गट बरोबर असूनही फुप्फुसांत पाणी भरते.

मुळात रक्त द्यावेच का, हाही प्रश्न असतो. एका पिशवीने प्रौढाचे हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढते. रक्तस्राव नसलेल्या, स्थिर रुग्णात ते ७ च्या खाली जाईपर्यंत सहसा थांबता येते. लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग लोहाच्या गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने भरून निघतो. अशक्तपणा वाटतो म्हणून 'एक पिशवी चढवा' म्हणणे हा निव्वळ अविचार आहे. शिवाय प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह आत येते आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या थॅलसेमियाच्या मुलांना आयुष्यभर लोह काढणारी औषधे घ्यावी लागतात, ती यामुळेच.

प्रतिक्रियेची शंका आली की पहिले काम रक्त थांबवण्याचे. सुई काढायची नाही. नवा संच लावून सलाइन चालू ठेवायचे, म्हणजे औषधासाठी शीर हाताशी राहते. पिशवी फेकायची नाही. संचासकट ती, ताजा रक्तनमुना आणि लघवी रक्तपेढीकडे पाठवायची. तिथे नमुना फिरवून आधी प्लाझ्माचा रंग पाहतात. तो गुलाबी असेल तर पेशी फुटल्या आहेत. त्याच वेळी लेबले पुन्हा जुळवायची. पिशवी दुसऱ्याची निघाली, तर या रुग्णासाठीची पिशवी कुठे आहे ते लगेच शोधायचे, कारण ती कदाचित शेजारच्या खाटेवर चालू असेल.