मिश्टेक
मिश्टेक : दक्षिण मेक्सिकोतील एक मूलनिवासी समाज. ओआहाका राज्याचा पश्चिम भाग आणि त्याला लागून असलेले पुएब्ला व गेरेरो राज्यांतले प्रदेश मिळून त्यांचा मुलूख होतो. त्याला ‘ला मिश्टेका’ म्हणतात. उंच डोंगराळ, सखल पण रुक्ष आणि पॅसिफिक किनाऱ्यालगतचा, असे त्याचे तीन पट्टे आहेत. ‘मिश्टेक’ हे नाव शेजारच्या नाहुआ भाषकांनी ठेवलेले. त्याचा अर्थ ढगांच्या मुलखातले लोक. ते स्वतःला ‘न्यू सावी’, म्हणजे पावसाचे लोक, म्हणवतात.

पावसाचे पाणी आणि त्याबरोबर वाहून जाणारी माती धरून ठेवण्यात त्यांचे मोठे कसब होते. डोंगरातल्या घळीत एकाखाली एक दगडी ताली घालायच्या, मागे गाळ साठू द्यायचा आणि त्या गाळात मका, घेवडा, भोपळा पेरायचा. ही पद्धत तीन हजार वर्षांहून जुनी आहे.

मिश्टेकांचे एकछत्री साम्राज्य कधी नव्हते. तिलांतोंगो, हाल्तेपेक, तेओसाकोआल्को अशी अनेक छोटी राज्ये होती. दोन घराण्यांच्या विवाहातून जुळलेल्या राज्याला ‘युवुई तायू’ म्हणत. यातला ‘युवुई’ म्हणजे चटई. चित्रातही चटईवर समोरासमोर बसलेले राजा-राणी दाखवले की राज्य दाखवले, असे समजले जाई. राणी केवळ राजाची बायको नसे. तिचा वारसा तिच्या स्वतःच्या हक्काचा असे.

हा इतिहास त्यांनी स्वतःच लिहून ठेवला, तोही चित्रांत. हरणाच्या कातड्याच्या पट्ट्या जोडायच्या, त्यांवर पांढरा लेप द्यायचा आणि घड्या घालून पोथी करायची. झूश-नटॉल पोथी अशा ४७ पानांची असून उलगडली की सुमारे ११ मीटर भरते. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इतर पोथ्या ऑक्सफर्ड, व्हिएन्ना आणि मेक्सिको सिटीत आहेत. पानावरच्या लाल रेघा वाचकाला वाट दाखवतात. नांगराचे बैल तासाच्या टोकाला वळतात, तसे एका ओळीच्या शेवटी वळून उलट्या दिशेने वाचत जायचे. डोंगरात बाण रुतलेला दिसला की ते गाव जिंकले. माणसाचे नाव म्हणजे २६० दिवसांच्या पंचांगातली त्याची जन्मतिथी. म्हणून ‘आठ हरीण’ किंवा ‘सहा माकड’ अशी नावे भेटतात.

चित्रांत भाषेतल्या कोट्याही दडलेल्या आहेत. मिश्टेक भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. तेओसाकोआल्कोचे मिश्टेक नाव ‘चियो काह्नू’, म्हणजे मोठा चौथरा. ‘काह्नू’ वेगळ्या सुरात म्हटले तर अर्थ होतो वाकवणे. चित्रकार मग चौथरा वाकवणारा एक छोटा माणूस काढून मोकळा झाला! १९४९ साली मेक्सिकन पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांनी याच गावच्या वसाहतकालीन नकाशाच्या आधारे हे सिद्ध केले की, या पोथ्यांत मिश्टेक राजांच्या वंशावळी आहेत.

पोथ्यांचा नायक म्हणजे ‘आठ हरीण, वाघनखी’ (१०६३–१११५). तिलांतोंगोच्या या महत्त्वाकांक्षी पुरुषाने आधी किनाऱ्यावरच्या तुतुतेपेकची सत्ता मिळवली. १०९७ मध्ये विधिपूर्वक नाक टोचून घेऊन त्याने राजपदाला मान्यता मिळवली. पुढे हाल्तेपेकची राणी ‘सहा माकड’ आणि तिचा पती यांना त्याने संपवले, पण त्यांचा मुलगा ‘चार वारा’ याला जिवंत ठेवले. त्याच मुलाच्या हातून वयाच्या ५२ व्या वर्षी त्याचा अंत झाला. मिश्टेक पंचांगाचे मोठे चक्रही नेमके ५२ वर्षांचेच.

ओआहाकातील मोन्ते आल्बान या प्राचीन नगरातली सातवी कबर कासो यांनी १९३२ मध्ये उघडली. मूळ कबर शेजारच्या सापोतेक समाजाची, पण तिचा पुन्हा वापर झालेला. आत मेणाचा नमुना वितळवून केलेल्या साच्यात ओतलेले नाजूक सोन्याचे दागिने, पिरोजाने मढवलेली कवटी आणि कोरीव हाडे होती. हाडांवरची चित्रे पोथ्यांतल्या चित्रांशी जुळतात म्हणून हा ठेवा मिश्टेक मानला गेला. पण त्याबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही. तिथे कातण्या-विणण्याची, म्हणजे बायकांच्या कामाची, साधनेही सापडली, त्यामुळे काही अभ्यासक या कबरीचा संबंध देवीपूजेशी जोडतात.

१४५८ मध्ये अझ्टेकांनी ला मिश्टेकातले कोइश्त्लाहुआका जिंकले. तुतुतेपेक मात्र त्यांना दाद देत नव्हते. १५२२ मध्ये ते स्पॅनिश सेनानी पेद्रो दे आल्वारादोच्या हाती पडले. स्पॅनिश काळात रेशीम आणि कोचिनील किड्यांचा लाल रंग यांवर यानहुइत्लानसारखी गावे श्रीमंत झाली, तर युरोपातून आलेल्या साथींनी माणसे झपाट्याने कमी झाली.

आज मिश्टेक बोलींचे भाषक पाच लाखांहून अधिक आहेत. अनेक बोली परस्परांना कळत नाहीत. जमिनीची धूप आणि गरिबी यांमुळे हजारो कुटुंबे बाहा कॅलिफोर्निया व अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातील शेतांवर मजुरीला गेली आहेत.

किनाऱ्यावरच्या पिनोतेपा दे दोन लुइस गावचे रंगारी अजूनही समुद्रखडकांवरून ‘तिशिंदा’ ही गोगलगाय उचलतात, तिचा दुधाळ स्राव सुताच्या लडीवर पिळतात आणि तिला परत खडकाला चिकटवतात. उन्हात तो स्राव आधी पिवळा, मग हिरवा आणि शेवटी जांभळा होतो. बायकांच्या ‘पोसाहुआंको’ या गुंडाळायच्या वस्त्रात लाल आणि निळ्या पट्ट्यांशेजारी हा जांभळा विणला जातो.