लैंगिक तक्रारी घेऊन येणाऱ्या पुरुषांमधली व्यसनं

लैंगिक तक्रार घेऊन डॉक्टरकडे आलेल्या पुरुषाला दारू, तंबाखू, गांजा किंवा अफूच्या जातीतल्या गोळ्यांचंही व्यसन असणं, हे बऱ्यापैकी कॉमन आहे, फक्त ते लवकर समोर येत नाही. माणूस कसाबसा धीर करून 'ताठरता टिकत नाही' किंवा 'लवकर होतं' एवढंच बोलतो, आणि समोरच्याने विचारलंच नाही तर रोज किती पितो हे तो आपणहून कशाला सांगेल.

गंमत अशी की नशा कित्येकदा उपाय म्हणूनच सुरू झालेली असते. दारू थोडी घेतली की भीड चेपते, पण जास्त झाली की मज्जासंस्था मंदावते आणि ऐनवेळी ताठरताच येत नाही. वर्षानुवर्षं प्यायलं तर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घटतं, मज्जातंतूंच्या नसा खराब होतात, लिव्हरचं तर विचारूच नका.

अफूचा फास याहून वाईट. अफू, हेरॉइन, ट्रामाडॉल (अफूच्या जातीतलं वेदनाशामक) यांनी वीर्यपतन लांबतं, म्हणून शीघ्रपतनवाला माणूस कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळी घेतो, सुरुवातीला फरक पडतो, मग हळूहळू मेंदूकडून वृषणांना जाणारे सिग्नल दबतात, टेस्टोस्टेरॉन उतरतं, इच्छाच मरते. आणि सोडायला गेलं की विड्रॉवलमध्ये, म्हणजे नशा थांबल्यावर होणाऱ्या त्रासात, पतन आणखी लवकर व्हायला लागतं, की परत तीच गोळी.

तंबाखूचं काम गुपचूप चालतं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, धूम्रपानाने त्यांचं आतलं अस्तर बिघडतं. लिंगाच्या धमन्या जेमतेम १-२ मिमीच्या, हृदयाच्या त्याहून मोठ्या, म्हणून लहान आधी तुंबतात आणि ताठरतेची तक्रार कधीकधी हृदयविकाराच्या काही वर्षं आधीच दिसते. गांजाबद्दलचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत.

आधी काय आलं, नशा की तक्रार, हे शोधणं सगळ्यात किचकट. त्यात डिप्रेशन असलं तर आणखी गुंता, कारण त्यावरची बरीच औषधंही पतन लांबवतात, इच्छा कमी करतात. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, नशेमुळे किंवा औषधामुळे होणाऱ्या लैंगिक बिघाडाचं वेगळं निदान आहे. दारूसाठी ऑडिट नावाची १० प्रश्नांची चाचणी आहे, ८ किंवा जास्त गुण आले की पिणं धोक्याचं समजतात. पाच मिनिटांचं काम आहे, तरी कित्येकदा ते न करताच सिल्डेनाफिल (ताठरतेची गोळी, व्हायग्रा) लिहून दिलं जातं. पॉपर्स (नशेसाठी हुंगायची नायट्राइट रसायनं) हुंगणाऱ्याने ती गोळी घेतली तर ब्लडप्रेशर जिवावर बेतेल इतकं उतरू शकतं.

नशा सुटल्यावर काहींचं बरंच सुधारतं, नसांना इजा झालेली असेल तर तेवढं नाही. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.